मोटरीपर्यंत किती वीज पोचते?

राहुरी तालुक्यात माझ्या मामांची साडेतीन एकर जमीन आहे. निम्म्यात ऊस, बाकीच्यात कांदा आणि घास. विहीर ओढ्याच्या कडेला, तर डीपी आणि स्टार्टरची पेटी रस्त्याच्या बाजूला. पेटीपासून विहिरीपर्यंत ३०० मीटर केबल बांधाबांधाने गेलेली.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची ५ एचपीची मोटर दोनदा जळाली. दुसऱ्यांदा वाइंडिंग भरून आणली, विहिरीत सोडली, हिरवं बटण दाबलं, तर मोटर नुसती गुंगत राहिली. दोन-तीनदा बटण दाबल्यावर एकदाची सुटली, पण पाण्याला जोर नव्हता. शेवटच्या सरीपर्यंत पाणी जाईचना.

“भरणाऱ्यानं तार हलकी घातली बघ,” मामा म्हणाले. “लाईट तर चांगली आहे. मीटर बघ, ३८०.”

पेटीवरचा काटा खरंच ३८० व्होल्टवर होता. शेजारच्या ॲम्पिअर मीटरवर १०. मोटरीच्या पाटीवर मात्र ४१५ व्होल्टला ८ ॲम्पिअर लिहिलेलं. हे आकडे मामा वीस वर्षं रोज पाहतात. ते आपसात जोडले की काय कळतं, हे त्यांना कुणी बसून सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बांधावर बसून आम्ही ते केलं. तेच इथे सविस्तर लिहितो, कारण नगर जिल्ह्यात अशी बांधावरची केबल हजारो शेतांत आहे.

आधी दोन शब्द. व्होल्टेज म्हणजे विजेचा दाब, करंट म्हणजे तिची धार. भंडारदऱ्याचं धरण १९२६ पासून प्रवरेवर उभं आहे आणि त्याच्या पाण्यावर आज वीजही होते. तिथे टर्बाइनला किती जोर मिळणार हे दोन गोष्टींवर ठरतं: पाणी किती उंचावरून येतं आणि दर सेकंदाला किती येतं. नुसती उंची असून पाणी चमचाभर असेल तर उपयोग नाही. पाणी भरपूर, पण सपाटीवर असेल तरीही नाही. दोन्हींचा गुणाकार महत्त्वाचा. विजेचंही तसंच. एक व्होल्ट म्हणजे विजेच्या एका मापामागे एक ज्यूल ऊर्जा. एक ॲम्पिअर म्हणजे सेकंदाला तसं एक माप. गुणाकार केला की सेकंदाला किती ज्यूल हे निघतं, आणि त्यालाच आपण वॉट म्हणतो. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर बरोबर वॉट हे सूत्र पाठ करायची गरज नाही. या दोन मापांचा अर्थ लावला की ते आपोआप हाती येतं.

भागाकारातून दुसरी गोष्ट निघते. एवढा दाब देऊनही धार एवढीच का? कारण वाटेत काहीतरी अडवतंय. व्होल्टला ॲम्पिअरने भागलं की तो अडथळा, म्हणजे रोध, ओहममध्ये मिळतो. गेऑर्ग ओहम हा जर्मनीतला कुलूपं बनवणाऱ्याचा मुलगा. कोलोनच्या शाळेत शिकवत असताना त्याने वेगवेगळ्या लांबीच्या तारांवर प्रयोग केले आणि १८२७ मध्ये हा नियम पुस्तकात मांडला. लांबी वाढली की रोध त्याच प्रमाणात वाढतो आणि तार जाड झाली की घटतो, हेही त्यात आलं. मामांच्या केबलचं दुखणं नेमकं इथेच होतं. पण मोटर हे अवघड यंत्र आहे, म्हणून सुरुवात घरातल्या वस्तूपासून करू.

पाणी तापवायची कॉइल घ्या, १००० वॉटची. घरात २३० व्होल्ट येतात असं धरू. १००० भागिले २३०, म्हणजे ४.३५ ॲम्पिअर. २३० भागिले ४.३५, म्हणजे जवळपास ५३ ओहम. हा ५३ चा आकडा त्या कॉइलचा स्वभाव आहे. तापल्यावर तो थोडा हलतो, पण हिशेबापुरता कायम धरायला हरकत नाही. आता संध्याकाळी व्होल्टेज पडलं आणि १८० झालं. कॉइल तीच, रोध तोच. १८० भागिले ५३, म्हणजे ३.४ ॲम्पिअर. १८० गुणिले ३.४, म्हणजे ६१० वॉटच्या आसपास. व्होल्टेज साधारण एक पंचमांशाने उतरलं आणि उष्णता एकदम चाळीस टक्क्यांनी घटली! दाब उतरला तशी धारही उतरली. फटका दोन बाजूंनी बसला. दहा लिटरची बादली २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला पूर्ण व्होल्टेजला २८ मिनिटं लागतात, १८० व्होल्टला पाऊण तास. पहाटे आंघोळीच्या पाण्याची वाट पाहणाऱ्याला हा फरक सूत्राशिवाय माहीत असतो.

इथून दोन जोडसूत्रं निघतात. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, किंवा करंटचा वर्ग गुणिले रोध. दोन्हींनी वॉटच मिळतात. पण विद्यार्थी आणि नवखे वायरमनसुद्धा इथे गोंधळतात. पहिल्या सूत्रात रोध खाली आहे, म्हणजे रोध वाढला की उष्णता कमी. दुसऱ्यात तो वर आहे, म्हणजे रोध वाढला की उष्णता जास्त. मग खरं काय?

दोन्ही खरं आहे. प्रश्न एवढाच की पक्कं काय धरलंय. कॉइल थेट लायनीला लावलेली असते, तिच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज ठरलेलं असतं. म्हणून २००० वॉटच्या कॉइलचा रोध १००० वॉटवालीपेक्षा कमी असतो, साधारण २६ ओहम. केबलचं तसं नाही. केबल ही मधली वाट आहे. तिच्यातून किती करंट जायचा हे पलीकडची मोटर ठरवते. तिथे करंट जवळपास ठरलेला असतो आणि केबलचा रोध जितका जास्त, तितकी ती तापते. उपकरणाला पहिलं सूत्र, तारेला दुसरं. एवढं ध्यानात राहिलं की निम्मा गोंधळ मिटतो.

आता मोटर. विहिरीवर गेल्यावर भाच्याचं शहाणपण म्हणून मी एक गोष्ट आधी दाखवली. लाईट बंद, पेटीतला स्विच खाली, फ्यूज काढून खिशात. मग मल्टिमीटरने मोटरीच्या तीन टोकांपैकी दोन-दोन टोकांतला रोध मोजला. तिन्ही जोड्यांत सारखाच, चार ओहमच्या आत. मामांनी लगेच भागाकार केला. “४०० भागिले चार, म्हणजे १०० ॲम्पिअर! मग मीटर १० कसा दाखवतो?”

प्रश्न अगदी बरोबर होता. मोटर निव्वळ रोध नसते. वाइंडिंगमध्ये चुंबकत्व तयार होतं, मोटर फिरू लागली की आत उलट्या दिशेचं व्होल्टेज उभं राहतं आणि ते येणाऱ्या करंटला थोपवतं. म्हणून चालू मोटरीचे व्होल्ट भागिले ॲम्पिअर केलं तर येणारा आकडा तांब्याच्या तारेचा रोध नसतो. पण रोटर थांबलेला असेल तर हे उलटं व्होल्टेज नसतं. मोटर सुरू होतानाचे पहिले क्षण तसेच असतात. तेव्हा ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. आणि गुंगत उभी राहिली तर तो मोठा करंट तसाच वाहत राहतो. वाइंडिंग जळतं ते बहुतेकदा याच मिनिटांत. तिन्ही जोड्यांचा रोध सारखा आला याचा अर्थ वाइंडिंग भरणाऱ्याने तिन्ही फेज सारखे भरले होते. मामांनी तो आरोप तिथल्या तिथे मागे घेतला.

मग वाया कुठे जातंय? त्यासाठी मोटर चालू असताना दोन ठिकाणी व्होल्टेज मोजायचं होतं. हे काम गावच्या जाणत्या वायरमनने केलं आणि तुम्हीही ते त्यालाच करू द्या. ४०० व्होल्ट, ओली माती आणि अनवाणी पाय हे एकत्र येता कामा नयेत. त्याच्याकडे टाँग टेस्टर होता. त्याचा चिमटा एका वायरभोवती नुसता अडकवला की करंट कळतो, वायर कापावी लागत नाही.

पेटीवर ३८० व्होल्ट, १० ॲम्पिअर. विहिरीच्या काठावर, मोटरीच्या जोडापाशी ३३४ व्होल्ट. करंट तोच, १०.

वाटेत ४६ व्होल्ट गेले. एवढी वर्षं पेटीवरचं ३८० बघून मामा लाईट चांगली आहे म्हणत होते, आणि मोटरीला मात्र ३३४ वरच भागवावं लागत होतं.

वॉट काढताना थ्री फेजचा हिशेब थोडा वेगळा आहे, पण घाबरण्यासारखा नाही. मीटर जे ३८० दाखवतो ते दोन फेजमधलं व्होल्टेज. प्रत्येक फेजचं न्यूट्रलशी व्होल्टेज काढायला त्याला १.७३ ने भागायचं. घरातल्या २३० ला १.७३ ने गुणलं की ४०० येतात, ते याच नात्याने. तर ३८० भागिले १.७३, म्हणजे सुमारे २१९. एका फेजमधून १० ॲम्पिअर, म्हणजे २१९० आणि तीन फेजचे मिळून साधारण ६५८०. हे सगळं कामी येत नाही, कारण मोटरीत करंट व्होल्टेजच्या थोडा मागे रेंगाळतो. काही ऊर्जा चुंबकत्वासाठी नुसती येते-जाते. किती भाग खरा कामी लागतो ते पॉवर फॅक्टर सांगतो. अशा मोटरीला तो ०.८ धरला, तर पेटीतून खरोखर निघतात जवळपास ५२७० वॉट.

आता केबलचा रोध. पडलेले व्होल्ट ४६. त्यांना १.७३, करंटचे १० आणि पॉवर फॅक्टर ०.८ यांच्या गुणाकाराने, म्हणजे १३.८ ने भागलं. आले ३.३ ओहम, एका तारेचे. हा आकडा पडताळता येतो, आणि मला या हिशेबातली सगळ्यात समाधानाची जागा तीच वाटते. केबल होती ॲल्युमिनियमची, २.५ चौरस मिलिमीटरची. ॲल्युमिनियमची एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड तार ०.०२८ ओहम रोध दाखवते. त्याला ३०० ने गुणायचं आणि २.५ ने भागायचं: ३.४ ओहमच्या जवळ. एकीकडे व्होल्टमीटरवरून काढलेलं, दुसरीकडे केबलची जाडी-लांबी पाहून काढलेलं, आणि दोन्ही आकडे शेजारी येऊन बसले. मामांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

तारेला दुसरं सूत्र. १० चा वर्ग १००, गुणिले ३.३, म्हणजे ३३० वॉट एका तारेत. तीन तारांत ९९०. पेटीतून निघालेल्या ५२७० पैकी जवळपास एक पंचमांश वीज बांधाची माती तापवत होती. घरातली १००० वॉटची कॉइल रात्रभर बांधात पुरून चालू ठेवावी, तसं.

आणि मोटरीचं काय होत होतं? अशा मोटरीचा सुटतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने उतरतो. पाटीवर ४१५, मिळतात ३३४. म्हणजे ८० टक्के, आणि वर्ग केला की ६५ टक्के. हे चालू असतानाच्या व्होल्टेजवर. सुरू होताना करंट चाळीस-पन्नास ॲम्पिअरपर्यंत जातो, तेव्हा त्याच केबलमध्ये कितीतरी जास्त व्होल्ट पडतात आणि जोर निम्म्याच्याही खाली येतो. मोटर गुंगते ती म्हणून. कशीबशी सुटली तरी तेवढंच पाणी उचलायला कमी व्होल्टेजवर जास्त करंट घेते. पाटीवर ८ आणि मीटरवर १०, त्याचं कारण हेच. वाइंडिंगमध्येही उष्णता करंटच्या वर्गानेच वाढते: ८ चा वर्ग ६४, १० चा १००. दीडपटीहून जास्त. दोन महिन्यांत मोटर जळणार नाही तर काय!

केबल फिरून पाहताना एक जोड सापडला, मधल्या शेताच्या बांधावर. कधीतरी नांगराने तुटलेली केबल पीळ देऊन जोडलेली आणि वर काळी टेप. टेप वितळून तिचा चकचकीत गोळा झाला होता आणि आसपासचं गवत बोटभर जळलेलं. अशा जोडावर मोजून दहा ॲम्पिअरला ६ व्होल्ट पडत असतील, तर रोध निघतो ०.६ ओहम आणि उष्णता ६० वॉट. साठ वॉटचं सोल्डरिंग आयर्न कथिल वितळवतं, आणि इथे तेवढीच उष्णता अंगठ्याएवढ्या जागेत कोंडलेली. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, आणि त्यातून वीज जात नाही. जोड तापला की सैल होतो, सैल झाला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो. पीळ आणि टेप हा जोड नव्हेच. लग दाबून, नटबोल्टने आवळून केलेला जोड हवा. तांबं आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात तिथे त्यासाठी मिळणारा दोन धातूंचा लगच वापरावा.

केबल बदलायची ठरल्यावर मामांचा रास्त प्रश्न आला: वीज बिल माफ असताना एवढा खर्च कशाला? राज्यात २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे, हे खरं. पण बांधात गेलेल्या वॉटची किंमत बिलात नव्हतीच कधी. ती वाइंडिंगच्या खर्चात होती, कमी आलेल्या पाण्यात होती, आणि रात्रीच्या पाळीत जळालेली मोटर वर काढायला तीन माणसं बोलवावी लागत, त्यांच्या जागरणात होती. लाईट ठरावीक तासच असते. त्या तासांत मोटरीने पुरतं पाणी उपसलं नाही तर उरलेलं वावर कोरडंच राहतं.

मुळा आणि प्रवरेच्या खोऱ्यात विजेची चर्चा दोन पिढ्यांपासून आहे. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं, त्याच सुमारास देशात पाच ठिकाणी प्रायोगिक वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. त्यातली एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. २०११ मध्ये तो सगळा भाग महावितरणकडे आला. एवढ्या वर्षांत विहिरी वाढल्या, मोटरी वाढल्या, पण डीपीपासून लांब लांब जाणाऱ्या कमी दाबाच्या तारा बऱ्याच ठिकाणी तशाच राहिल्या. महावितरणने २०१८ पासून उच्चदाब वितरण प्रणाली आणली, तिच्यामागे आपलं दुसरं सूत्रच आहे. ११ हजार व्होल्टची लाइन थेट शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन पंपांना एक छोटा ट्रान्सफॉर्मर द्यायचा. ४०० ऐवजी ११,००० व्होल्ट, म्हणजे तेवढ्याच वॉटसाठी करंट साडेसत्तावीस पट कमी. वर्ग केला की तारेतली उष्णता साडेसातशे पट कमी. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला सुरुवातीचा प्रकल्प झाला, त्यातही वीज शेताजवळच तयार करून मधली वाट आखूड करण्याचा फायदा आहे.

कॅपॅसिटरबद्दलही लिहायला हवं, कारण तो बऱ्याच पेट्यांत असूनही बंद पडलेला असतो किंवा तारा काढून ठेवलेल्या असतात. पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ वर नेला तर तेवढ्याच कामासाठी १० ऐवजी ८.४ ॲम्पिअर पुरतात. ८.४ चा वर्ग ७१. म्हणजे तारेतली उष्णता जवळपास तीस टक्क्यांनी कमी. फक्त जागा पाहा: कॅपॅसिटर पेटीत बसवला तर फायदा पेटीपासून डीपीपर्यंतच्या तारांना होतो. पुढच्या ३०० मीटर केबलमधून पूर्ण करंट जातोच. केबललाही फायदा हवा असेल तर तो विहिरीजवळ, पावसापासून झाकून बसवावा लागतो.

मामांनी १० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची केबल घेतली. रोध ०.०२८ गुणिले ३००, भागिले १०, म्हणजे ०.८५ ओहमच्या आसपास, आधीच्याचा चौथा हिस्सा. करंट ९ पर्यंत उतरेल असं धरून मी नुकसान काढलं: ८१ गुणिले ०.८५ गुणिले तीन, साधारण २०७ वॉट. व्होल्टेजची घट १० ते ११ व्होल्ट. केबल अंथरायच्या आधी हे आकडे लिहून ठेवले होते, कारण मामांना गणित खरं निघतं का ते पाहायचं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी थ्री फेज आली. हिरवं बटण दाबल्याबरोबर मोटर सुटली. वायरमनने पेटीवर मोजलं: ३८४ व्होल्ट, ९ ॲम्पिअर. मग आम्ही बांधाने विहिरीवर गेलो. तिथे ३७३.

मामांनी खिशातला कागद उलगडून वजाबाकी केली. परत आल्यावर पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी मार्करने तारीख लिहिली, खाली दोन्ही आकडे, आणि पुढच्या महिन्याच्या आकड्यांसाठी जागा सोडली.